पाच विहिरींचं पाणी

"आधी बसा, मगदूमबाई. उभ्यानं ऐकायची बातमी नाही ही."

घाटगे सरांनी पत्राची घडी उलगडून टेबलावर ठेवली आणि वर पेपरवेट ठेवला. खोलीत पंखासुद्धा नव्हता, तरी त्यांना ते उडून जाईल असं वाटत असावं. मी बसले.

पत्र म्हैसूरकडच्या एका विद्यापीठातून आलं होतं. तिथल्या डॉ. सुब्बण्णांना सर दीड वर्ष पत्रं लिहीत होते. सुब्बण्णांकडे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप होता, आमच्या प्राणिशास्त्र विभागात नव्हता. माझी पीएच.डी. त्या एका यंत्रापाशी अडली होती.

मी कृष्णाकाठच्या आमच्या गावातल्या विहिरींच्या पाण्यावर काम करत होते. त्या पाण्यात रोटिफर नावाचे जीव असतात, सुईच्या टोकावर चार-पाच मावतील एवढे. तोंडाशी दोन चाकं गरगरा फिरल्यासारखी दिसतात. दुसऱ्या वर्षी बस्तीच्या, म्हणजे आमच्या जैन मंदिराच्या विहिरीत मला एक असा सापडला की त्याच्या जबड्याला एक दात जास्त होता. कुठल्याच ग्रंथात तो नव्हता. नवी जात असावी. पण 'असावी' म्हणून चालत नाही. त्या जबड्याचा मोठा, स्वच्छ फोटो लागतो आणि तो त्या यंत्रावरच निघतो.

"अकरा ते तेरा जानेवारी, तीन दिवस यंत्र तुमचं," सर म्हणाले. "मुलींच्या वसतिगृहात खोली. बस्ती अर्ध्या मैलावर आहे, सकाळचं दर्शन घेऊन निघालात तरी दहाला लॅबमध्ये पोचाल. संध्याकाळचं जेवण साडेपाचला, दिवस मावळायच्या आत. कांदा-लसूण-बटाटा चालत नाही हेही लिहिलं होतं मी. पाणी गाळायला फडकं तुमचं तुम्ही न्या."

"सर, एवढं सगळं लिहिलंत?"

"लिहिलं. शेजारचे मुतालिक हसत होते. म्हणाले, घाटगे, स्कॉलर पाठवतोयस की मुनिमहाराजांचा विहार ठरवतोयस?"

मीही हसले. मग सरांनी पेपरवेट उचलला आणि पत्राचा शेवटचा परिच्छेद माझ्यापुढे धरला.

जबड्याचा फोटो काढायचा तर आधी जबडा सुटा करावा लागतो. म्हणजे जीव मारायचा, मग औषधानं त्याचं अंग विरघळवायचं आणि उरेल तो जबडा काचेवर घ्यायचा. आतापर्यंत मी तसं केलं नव्हतं. मी पाण्याचा थेंब काचेवर घ्यायची, साध्या सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत बघायची, आकृती काढायची आणि थेंब परत बरणीत सोडायची. आठवड्याच्या शेवटी बरणी ज्या विहिरीची त्या विहिरीत. सरांनी ते चालवून घेतलं होतं, कारण आकृत्या चांगल्या येत होत्या.

"हे तुम्ही करायचं नाही," सर म्हणाले. "मी सुब्बण्णांना स्पष्ट लिहिलंय. तुम्ही जिवंत नमुने न्यायचे. पुढचं त्यांचा माणूस करेल. तुम्ही बाहेर बाकावर बसा, हवं तर जप करा. फोटो निघायला लागले की आत या."

"म्हणजे मी करायचं नाही, करवायचं."

"मला शब्दात धरू नका, बाई. मी मटण खाणारा माणूस, तुमच्यातलं बारीकसारीक मला कळत नाही." त्यांनी पेपरवेट परत पत्रावर ठेवला. "तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी विचारलं होतं, प्राणिशास्त्रच का? तुम्ही म्हणालात, आमच्या घरात रोज गाळून ज्यांना वाचवतात ते दिसतात कसे, हे बघायचंय. बघून झालं. आता त्यातल्या एकाला नाव द्यायची पाळी आलीय. यंत्राची तारीख परत मिळणार नाही. जाणार की नाही, एवढं सांगा."

मी जाते म्हणाले. ना हरकतीच्या अर्जावर सही केली. सरांनी त्यावर विभागाचा शिक्का मारला आणि फुंकर घालून वाळवला.

आमच्या घरी पाणी गाळायचं काम सासूबाईंचं. त्यांना आम्ही आत्ती म्हणायचो. लग्न होऊन आल्यापासून, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त, ते काम त्यांनी दुसऱ्या कुणाला दिलं नव्हतं. घडवंचीवर तांब्याची घागर, तोंडावर दुपदरी फडकं, त्यावर बारीक धार. पाणी खाली उतरलं की फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं हलकं धुवायचं. त्या धुतलेल्या पाण्यात जीव असतात. ते मोरीत जाता कामा नये. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ते परत जायचं, आणि तेही वरून फेकून नाही. तळाला कडी बसवलेला एक तांब्या होता. दोर त्या कडीला. तांब्या सावकाश खाली सोडायचा. पाण्याला टेकला की तो आपोआप कलंडतो आणि आतले जीव न आपटता आपल्या पाण्यात जातात.

शेजारच्या तारव्वा एकदा म्हणाल्या, "मी मुंग्यांची पावडर हातानं घालत नाही. भांडीवालीला सांगतो घालायला."

आत्ती धार न मोडता म्हणाल्या, "घातलं काय, घालायला लावलं काय, आणि घातलेलं बघून बरं झालं म्हटलं काय. तिन्ही एकच की गं तारव्वा."

तारव्वा पंधरा दिवस आमच्याकडे आल्या नाहीत.

माझ्या बरण्या माडीवर असायच्या. त्यांच्यावर इंग्रजी अक्षरं आणि आकडे. "ह्या तुझ्या, ह्या माझ्या," असं आत्तींनी पहिल्याच वर्षी माडी आणि घडवंची वाटून टाकली होती. तीन वर्षांत त्यांनी माझ्या एकाही बरणीला बोट लावलं नाही. शेतातून आलेल्या पाहुण्यांना मात्र माडीवर नेऊन दाखवायच्या. "आमची राजमती पाण्यातल्या जिवांची नावं लिहिती," म्हणायच्या.

म्हैसूरचं ठरल्याचं मी जेवताना सांगितलं. ह्यांना आनंद झाला. मिरजेहून गाडी किती वाजता, सोबत कोण, सगळं ते विचारत राहिले. आत्तींनी ताटातली भाकरी मोडली आणि विचारलं, "ते जीव न्यायचे म्हणतीस. आणायचे कधी परत?"

"परत आणायचे नाहीत, आत्ती."

"मग तिथल्या कुठल्या विहिरीत सोडणार?"

मी पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. हेच म्हणाले, "आई, त्यांचे फोटो काढायचेत."

"फोटो काढून सोडता येत नाहीत व्हय?"

"इतक्या बारक्याचा फोटो तसा निघत नाही."

"हं," आत्ती म्हणाल्या, आणि आमटी घेतली.

त्यानंतर त्यांनी त्या विषयावर काही विचारलं नाही. मला वाटेत खायला म्हणून दशम्या आणि तिखट शेंगदाणे केले. माझं गाळायचं फडकं जुनं झालंय म्हणून नवं मांजरपाट आणून, शिवून, दोन पदरी करून दिलं. ते पिशवीत ठेवताना एवढंच म्हणाल्या, "तिकडं पाणी जड असतंय. हळू गाळ."

रोज संध्याकाळी मी प्रतिक्रमणाला बसते, तेव्हाही बसायची. दिवसभरात जाणता-अजाणता जे दोष घडले असतील ते आठवून त्यांची क्षमा मागायची. ते पंधरा-वीस दिवस मी बसले की पाठ तोंडातून जायचा आणि मन अकरा तारखेपाशी जायचं. कधी मी बाकावर बसलेली दिसायची, कधी आतल्या काचा. एकदा घाटगे सर शिक्का मारताना दिसले. त्यांनी शिक्क्यावर फुंकर घातली होती, हे मला राहून राहून आठवायचं. मी नाही म्हणाले असते तर त्या माणसाची दीड वर्षाची पत्रं वाया गेली असती. हो म्हणून गेले तर बस्तीच्या विहिरीतले साठ-सत्तर जीव. कुणाला तोंड द्यायचं हे मला ठरवता येत नव्हतं, आणि मी ते कुणापाशी बोललेही नाही.

नऊ तारखेच्या पहाटे हे आणि मी पाणी घ्यायला निघालो. हे जीव पहाटेच पाण्याच्या वरच्या थरात येतात. ऊन चढलं की खाली जातात, मग जाळीत सापडत नाहीत. बस्तीची विहीर, चिंचेची विहीर, जोडविहीर, पाटलांच्या मळ्यातली आणि शेवटी माळावरची. उजाडायच्या आत पाचही बरण्या भरल्या. घरी आल्यावर मी त्यांना चिठ्ठ्या लावल्या. त्या दिवशी मी चिठ्ठ्यांवर विहिरींची नावं लिहिली: बस्ती, चिंच, जोड, मळा, माळ. माडीवर सकाळचं ऊन येतं म्हणून बरण्या खाली, घडवंचीच्या थंडाव्याला ठेवल्या.

दर्शन घेऊन आले, दोन घास खाल्ले. गाडी संध्याकाळची होती. मधल्या वेळात शेजारच्या गावी माहेरी जाऊन आईला भेटून यायचं ठरवलं. आत्ती परसात शेंगा वाळत घालत होत्या. मी त्यांना म्हटलं, "मी दोनपर्यंत येते, आत्ती."

"जा. इथलं मी बघतो," त्या म्हणाल्या.

दोन वाजून गेल्यावर मी परत आले. घडवंचीवर पाचही बरण्या धुऊन पालथ्या घातल्या होत्या. चिठ्ठ्या तेवढ्या न फाडता सोडवून बाजूला ओळीनं वाळत ठेवल्या होत्या. कडीचा तांब्या ओला होता. आत्ती सोप्यात भिंतीला टेकून गुडघ्यांना तेल चोळत होत्या.

"माळावरची चढण आता झेपत नाही गं," त्या म्हणाल्या. "पण सोडलं सगळ्यांना. ज्याला त्याला आपापल्या घरी. जायच्या गडबडीत तुझं राहून गेलं असेल म्हटलं."

मी घडवंचीपाशी खाली बसले.

हे आले तेव्हा बॅग घेऊनच आले, मला स्टँडवर सोडायला. बरण्या बघून आधी त्यांना कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांनी बॅग खाली ठेवली.

"आई, काय केलंस हे? तिचं तीन वर्षांचं काम होतं त्यात."

आत्तींचा तेलाचा हात गुडघ्यावर थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओळीनं ठेवलेल्या चिठ्ठ्यांकडे बघत होते. त्या बऱ्याच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या असाव्यात, कारण ह्यांनी परत विचारलं, "बोल की. काय केलंस?"

"चुकलं माझं," आत्ती म्हणाल्या. "घडवंचीवर बरण्या दिसल्या. मी आपल्या समजले."

ह्यांनी आईला कधी दुखावलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बोलले. शिकलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावताना विचारायला काय झालं होतं, असं काहीतरी. मी मध्ये पडले नाही.

दुसऱ्या दिवशी कोल्हापूरला जाऊन घाटगे सरांना सांगितलं. ते बोटांवर मोजायला लागले: उद्या पहाटे परत पाणी घेतलं तर कुठली गाडी, बंगलोरला कधी, पुढं बस. दोनदा मोजलं. तेरा तारखेचा जेमतेम अर्धा दिवस हातात उरत होता, आणि तेवढ्यात जबडे सुटे करून फोटो निघणं शक्य नव्हतं.

"घरच्यांनी विहिरीत सोडले," ते म्हणाले. "बरणी पडून फुटलेली ऐकलीय. मांजरानं लवंडलेली ऐकलीय. ज्याच्या त्याच्या विहिरीत नेऊन सोडलेली पहिल्यांदा ऐकतोय." ते हसतील असं मला वाटलं होतं, पण हसले नाहीत. तारेचा कागद ओढून त्यांनी सुब्बण्णांना तार लिहिली. मग म्हणाले, "सासूबाईंना बोलू नका हं. त्यांनी चांगल्या मनानं केलंय."

सुब्बण्णांचं उत्तर महिन्यानं आलं. माझे तीन दिवस दुसऱ्या कुणाला दिले गेले होते. पुढच्या वर्षी बघू, असं त्यांनी लिहिलं होतं. पुढच्या वर्षी यंत्र बंद पडलं, त्यानंतर ते निवृत्त झाले. मी जबड्याचं प्रकरण काढून टाकून प्रबंध दिला. परीक्षकांनी ठपका ठेवला, पण पदवी मिळाली. जयसिंगपूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली. आणखी दोन वर्षांनी सरांनी मला बोलावलं आणि एक नियतकालिक माझ्यापुढे ठेवलं. तिकडं आंध्रातल्या कुण्या संशोधकानं एका देवळाच्या विहिरीतून नव्या जातीचा रोटिफर नोंदवला होता. जबड्याला एक दात जास्त. फोटो फार सुंदर होता.

"घ्या," सर म्हणाले. "आपल्या बाळाचं बारसं परस्पर झालं." आणि जरा वेळानं, "आत्तींना हे सांगू नका. म्हाताऱ्या माणसाला उगीच लागून राहील."

घरी एक बदल झाला, तो मात्र त्याच आठवड्यात. आत्तींनी पाणी गाळणं सोडलं. सकाळी मी बस्तीतून आले तर घागर रिकामीच, फडकं घडी करून वर ठेवलेलं, आणि आत्ती चुलीपाशी.

"तूच गाळ आजपासून," त्या म्हणाल्या. "माझ्या हाताचा भरवसा नाही राहिला आता."

ह्यांनी समजूत घातली. तारव्वांनीही घातली, म्हणाल्या, एवढ्यातेवढ्यावरनं चाळीस वर्षांचा नेम मोडतीस व्हय. आत्तींनी ऐकलं नाही. पाण्याला त्या हात लावत नसत. मी गाळून दिलेलं पीत.

अकरा वर्षं गेली. मधल्या काळात गावात ती गोष्ट झाली होती. राजमतीचे जीव म्हैसूरला निघाले होते, सासूनं परत घरी आणले, अशी लोक हसून सांगत. पाहुणे आले की हेसुद्धा सांगायला लागले, राग गेल्यावर. आत्ती ऐकून घ्यायच्या. मी चहा करायला उठायची. संध्याकाळी प्रतिक्रमणाला बसले की पहिली एक-दोन वर्षं मी ती गोष्ट अजाणता घडलेल्या दोषांत घालत असे. नंतर नंतर घालेनाशी झाले.

आत्तींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एकाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी हिरवी पट्टी काढली. त्या दिवशी दुपारी मी घडवंचीपाशी पाणी गाळत होते. आत्ती सोप्यात होत्या, त्याच भिंतीला टेकून. नव्या डोळ्यानं त्या घरभर बघत होत्या. वर्तमानपत्राची ठळक अक्षरं मोठ्यानं वाचून झाली, कॅलेंडर वाचून झालं.

"दिसतंय की सगळं," मी म्हटलं.

"दिसतंय." मग त्या म्हणाल्या, "राजमती, त्या बरण्यांवर तू मराठीत नावं कशाला लिहिलीस गं त्या दिवशी?"

माझ्या हातातली धार तुटली.

"तीन वर्षं इंग्रजीत लिहायचीस," त्या सावकाश म्हणाल्या. "बरण्या माडीवर. मी कधी हात लावला नाही. त्या दिवशी मराठीत, मला वाचता येईल अशा अक्षरात. आणि माझ्या घडवंचीवर. माडीवर ऊन येतंय म्हणालीस. जानेवारीत माडीवर कुठलं ऊन गं येतंय? तिथं ऊन असतं तर मी शेंगा परसात कशाला घातल्या असत्या?"

मी हातातली कळशी खाली ठेवली.

"मला कळलं, तुला काय पाहिजे ते," आत्ती म्हणाल्या. "त्या जिवांचं मलाही बघवत नव्हतं. गेले घेऊन. आनंदानं गेले."

"मग हे बोलले तेव्हा सांगितलं का नाहीत?"

"तू सांगशील म्हणून थांबले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एका डोळ्यावर अजून पांढरं होतं आणि दुसरा डोळा स्वच्छ होता. त्या दोन्हींनी माझ्याकडे बघत होत्या.

"पाणी गाळणंही त्यासाठीच सोडलंत?"

"दिसावं म्हटलं तुला रोज," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कशानं बोलणार होते मी?"

संध्याकाळी दिवस मावळायच्या आत आम्ही जेवायला बसलो. मी ह्यांना वाढलं आणि ताटापुढे बसून सांगितलं, की अकरा वर्षांपूर्वी ते पाणी आईंनी चुकून सोडलं नव्हतं, मी त्यांच्याकडून सोडवून घेतलं होतं. मला सोडायचं होतं आणि सोडणारी मी दिसायला नको होते. सरांशीही मी खोटं बोलले नाही, पण खरंही सांगितलं नाही. ह्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग आईकडे वळून म्हणाले, "आणि मी तुला बोललो होतो."

"जेव," आत्ती म्हणाल्या. "दिवस मावळायला आलाय."

घाटगे सरांना मी त्याच आठवड्यात पत्र लिहिलं. चार ओळींचं. उत्तर आलं नाही. दिवाळीला मात्र त्यांचं भेटकार्ड आलं, दर वर्षी यायचं तसंच, आणि खाली 'आत्तींना नमस्कार' असं लिहिलेलं होतं.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बस्तीतून आले तर घडवंचीवर घागर मांडलेली होती. आत्ती तिच्यापुढे उभ्या होत्या. फडक्याचे दोन पदर नीट जुळलेत का, हे त्या एका डोळ्यानं आणि बोटांनी बघत होत्या.

"कडीचा तांब्या कुठं ठेवलायस?" त्या म्हणाल्या. "आण इकडं. मी बस्तीच्या विहिरीवर जाऊन येतो."